हिब्रू बायबलमधला ‘याद’: हात ओळखायचा कसा आणि वाचायचा कसा

हिब्रू बायबल मुळातून वाचायला घेतलं की ‘याद’ हा शब्द अगदी लवकर भेटतो आणि मग पाठ सोडत नाही. साधा अर्थ आहे हात. संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये तो १,६०० हून जास्त वेळा येतो. तरीही नवशिक्यांची दमछाक इथेच होते, आणि त्याला कारणं दोन. शब्द जेमतेम दोन अक्षरांचा, त्यामुळे मागेपुढे काही चिकटलं की तो डोळ्यांना सापडत नाही. आणि सापडला की जिथे तिथे ‘हात’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. मग भाषांतरात नदीला हात फुटतात, जिभेला फुटतात, सिंहाला आणि तलवारीलाही फुटतात.

यावरचा उपाय म्हणजे क्रम पाळणं. आधी रूप ओळखायचं, मग शेजारचे शब्द बघायचे आणि अर्थ सर्वांत शेवटी ठरवायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

सुरुवातीची तयारी

बावीस अक्षरं आणि स्वरचिन्हं ओळखता यायला हवीत, एवढीच अट. पाठ स्वरचिन्हांसकटचा, म्हणजे निक्कुद असलेलाच घ्या. या शब्दाचं निम्मं व्याकरण स्वरांत आहे. नुसत्या व्यंजनांचा पाठ घेऊन बसलात तर पहिल्या पायरीवरच अडकाल.

इथे हिब्रू उच्चार देवनागरीत देताना कामेत्स या चिन्हासाठी ‘आ’ आणि पताहसाठी ‘अ’ वापरला आहे. शेवा हा अगदी ओझरता स्वर, त्यालाही ‘अ’च दिला आहे. शेवटचं व्यंजन मराठीसारखंच पूर्ण थांबून वाचायचं: ‘यद’ हे ‘पद’सारखं. आजच्या इस्रायली उच्चारात कामेत्स आणि पताह सारखेच ऐकू येतात, म्हणून कानावर भरवसा ठेवू नका, छापील चिन्ह बघा. अक्षराखाली नुसती आडवी रेघ असेल तर पताह. त्या रेघेला खाली छोटा दांडा असेल तर कामेत्स.

मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट नवी नाही. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत बेने इस्रायली मंडळींसाठी मराठीतून हिब्रूचं प्राथमिक व्याकरण छापलं होतं, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू व ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. मराठी माणसाला इथे काही सोयी आयत्या मिळतात, त्या पुढे येतीलच. काही खड्डेही आयतेच मिळतात.

पायरी १: शब्द वेगळा काढा

मूळ शब्द योद आणि दालेत या दोन अक्षरांचा. दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार असतो आणि रेशचा गोल. हा फरक नजरेत बसवा, नाहीतर ‘याराद’ (तो खाली उतरला) या क्रियापदातही हात दिसायला लागेल.

आता मागची जोड सोडवा. हिब्रूत ‘मध्ये’, ‘ला’, ‘सारखा’, ‘आणि’ हे अर्थ देणारी एकेक अक्षरं शब्दाच्या सुरुवातीलाच चिकटतात. मराठी प्रत्यय शब्दानंतर लावते, हिब्रू आधी. म्हणून ‘ब-’, ‘ल-’, ‘क-’, ‘व-’ दिसलं की ते बाजूला काढायचं. ‘मिन’ (पासून) चिकटताना त्यातला ‘न’ गळतो आणि पुढचा योद दुप्पट होतो: ‘मिय्यद’. निश्चयदर्शक ‘ह-’ लागलं तरी योद असाच दुप्पट होतो: ‘हय्याद’. दुप्पट झाल्याची खूण म्हणजे योदच्या पोटातला ठिपका, त्याला दागेश म्हणतात.

एका ठिकाणी मात्र हमखास फसगत होते. ‘हात’चं अनेकवचनी संबंधरूप, म्हणजे ‘अमक्याचे हात’ म्हणताना येणारं रूप, ‘यदे’ आहे (ते पुढच्या पायरीत येईल). त्याला ‘व-’ किंवा ‘क-’ लावला की सुरुवातीला दोन शेवा लागोपाठ येतात, आणि हिब्रूला ते चालत नाही. मग पहिल्याचा ‘इ’ होतो आणि योद त्यात विरघळतो: ‘वीदे’, ‘कीदे’. ‘मिन’ लावल्यावरही तसंच होऊन ‘मीदे’ होतं. अक्षरं कागदावर सगळी असतात, उच्चारात मात्र योद उरत नाही. निर्गम १७:१२ मध्ये ‘वीदे मोशे’ (आणि मोशेचे हात) आहे आणि ईयोब ५:२० मध्ये ‘मीदे हारेव’ (तलवारीच्या हातून) आहे. कोशात ‘वीद’ किंवा ‘मीद’ शोधत बसू नका, असे शब्द नाहीत.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांबद्दलही इथेच सांगून टाकू. योद-दालेत-अयिन म्हणजे ‘जाणणं’. योद-दालेत-हे हे स्तुती करण्याच्या क्रियापदाचं मूळ. ‘यादीद’ म्हणजे लाडका. या तिन्हींची सुरुवात सारखी दिसते म्हणून त्यांना हाताच्या घरात घेऊ नये. ‘स्तुती म्हणजे मुळात हात वर करणं’ हे प्रवचनात छान वाटतं, पण दोन अक्षरं जुळली एवढ्यावर ते उभं राहत नाही. योद या अक्षराचं नाव हाताशी जोडलं जातं हे खरं, आणि त्याच्या पुढचंच अक्षर काफ म्हणजे तळहात. म्हणून ‘योद म्हणजे हात, दालेत म्हणजे दार, तेव्हा याद म्हणजे दार उघडणारा हात’ अशी फोड करून अर्थ काढायचा नसतो. ती करमणूक झाली, व्याकरण नव्हे.

पायरी २: वचन आणि संबंधरूप

शाळेत संस्कृत झालं असेल तर इथे तुमचा फायदा आहे. हिब्रूत द्विवचन आहे, आणि ते मुख्यतः शरीराच्या जोडीच्या अवयवांना लागतं.

स्वतंत्र रूपं अशी: एकवचन ‘याद’, द्विवचन ‘यादयिम’. हात या अवयवाला अनेकवचनाच्या जागी हे द्विवचनच वापरतात, हात दोन असोत की दोनशे. यशया १३:७ मध्ये सगळ्यांचे हात गळून पडतात तिथेही ‘कोल यादयिम’ असंच आहे. म्हणून ‘यादयिम’ दिसलं की लगेच ‘दोन हात’ लिहू नका. दोनच हात असं ठासून सांगायचं असेल तर हिब्रू ‘श्ते’ (दोन) हा शब्द वेगळा लावते.

आता संबंधरूप, हिब्रूत ‘स्मिखुत’. ‘मोशेचा हात’ म्हणताना मराठी मोशेला ‘चा’ लावते आणि हाताला हात लावत नाही. हिब्रूत उलटं. मालक जसाच्या तसा राहतो आणि ज्याची मालकी आहे तो शब्द आखडतो, शिवाय आधी येतो. एकवचनात ‘याद’चं ‘यद’ होतं, म्हणजे कामेत्सचा पताह. द्विवचनात ‘यादयिम’चं ‘यदे’ होतं: शेवटचा मेम गळतो, पहिला स्वर शेवा होतो. पुष्कळदा संबंधरूप आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये वरच्या बाजूला छोटी आडवी रेघ असते, ती मक्केफ. ती दिसली की ‘च्या’ची शक्यता आधी तपासा.

या एका स्वराचा उपयोग किती होतो ते बघा. ‘बयाद हजाका’ (अनुवाद ६:२१) आणि ‘बयद मोशे’ (लेवीय ८:३६). पहिल्यात कामेत्स आहे, म्हणजे ‘याद’ स्वतंत्र आहे आणि पुढचा शब्द त्याचं विशेषण: बलवान हाताने. दुसऱ्यात पताह आहे, म्हणजे पुढचा शब्द मालक: मोशेच्या हस्ते. शब्दकोश उघडण्याआधीच वाक्याची रचना हातात येते.

दोन्ही रूपं एका ओळीत शेजारी बघायची असतील तर उत्पत्ती २७:२२ उघडा. आंधळा इसहाक याकोबाला चाचपून म्हणतो: ‘हक्कोल कोल याकोव, वहय्यादयिम यदे एसाव’, आवाज तर याकोबाचा आवाज आहे, पण हात एसावाचे हात आहेत. ‘हय्यादयिम’ स्वतंत्र, ‘यदे’ संबंधरूप. हे वाक्य पाठच करून टाका.

पायरी ३: ‘माझा, तुझा, त्याचा’

मालक सर्वनाम असला की ते शब्दाच्या शेवटी जोडलं जातं. एक हात असेल तर: यादी (माझा, मराठी ‘यादी’शी काही संबंध नाही, पण लक्षात राहायला बरं), यादखा (तुझा, पुरुषाला), यादेख (तुझा, स्त्रीला), यादो (त्याचा), यादाह (तिचा), यादेनू (आमचा), येदखेम (तुम्हा पुरुषांचा), यादाम (त्यांचा). यातलं ‘येदखेम’ एकटंच वेगळं वागतं, पहिला स्वर बदलून ‘ए’ होतो. उत्पत्ती ९:२ मध्ये ‘बयेदखेम’ आहे, तिथे अडखळायला होतं.

हात अनेक असतील तर: यादय (माझे), यादेखा (तुझे, पुरुषाला), यादयिख (तुझे, स्त्रीला), यादाव (त्याचे), यादेहा (तिचे), यादेनू (आमचे), यदेखेम (तुमचे), यदेहेम (त्यांचे).

दोन यादींमध्ये ‘यादेनू’ दोनदा आलं हे लक्षात आलं असेल. उच्चार एकच, लिहिण्यात फरक. एकवचनात योद-दालेत-नून-वाव, अनेकवचनात दालेतनंतर आणखी एक योद. उत्पत्ती ३७:२७ मध्ये यहूदा भावांना म्हणतो ‘वयादेनू अल तही वो’, आपला हात त्याच्यावर पडू नये: एकवचन. स्तोत्र ९०:१७ मध्ये ‘आमच्या हातांचं काम’ आहे: जादा योद, अनेकवचन. नियम सोपा आहे. दालेत आणि प्रत्यय यांच्यामध्ये योद दिसला की अनेकवचन. ‘यादो’ आणि ‘यादाव’ यांतही लिहिण्यात फरक तेवढाच.

‘यादेखा’ची गंमत थोडी निराळी. वाक्याच्या शेवटी किंवा मोठ्या विरामाला एकवचनी ‘यादखा’चंच ‘यादेखा’ होतं. म्हणजे ऐकायला ‘तुझे हात’, पण खरं ‘तुझा हात’. अनुवाद ६:८ मध्ये आज्ञा ‘हातावर’ बांधायला सांगितल्या आहेत तिथे हेच विरामरूप आहे, मधला योद नाही, म्हणजे हात एक. तफिलीन, म्हणजे ही वचनं ठेवलेली चामडी डबी, एकाच हाताला बांधतात. निर्गम १३:१६ मध्ये तर ‘यादखा’च्या शेवटी एक जादा ‘हे’ लिहिलेला आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या रब्बींनी (धर्मपंडितांनी) त्याची फोड ‘याद केहा’, म्हणजे दुबळा हात, अशी करून डावा हात ठरवला. व्याकरणाने बघितलं तर ती फक्त लेखनाची वेगळी पद्धत आहे. पण रूढी तिच्यावर उभी आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात.

पाठातच गडबड असेल तर? लेवीय १६:२१ मध्ये अहरोन बकऱ्याच्या डोक्यावर ‘श्ते यादाव’, आपले दोन्ही हात, ठेवतो. पण पारंपरिक पाठात मधला योद लिहिलेलाच नाही. अक्षरं ‘यादो’ची आणि स्वरचिन्हं ‘यादाव’ची आहेत. असं असेल तेव्हा पानाच्या कडेला, समासात बारीक टीप असते. लिहिलेलं ते कतीव, वाचायचं ते केरे. वाचताना केरे धरायचं. ‘श्ते’ हा शब्द शेजारी असल्यामुळे इथे शंकेला जागाही नाही.

पायरी ४: लिंग तपासा

मराठी वाचकांचा मुख्य खड्डा हा. आपला हात पुल्लिंगी, हिब्रूचा स्त्रीलिंगी. नपुंसकलिंग हिब्रूत नाहीच. जोडीचे अवयव हिब्रूत बहुतेक स्त्रीलिंगीच असतात, हेही लक्षात ठेवायला सोयीचं आहे.

त्यामुळे विशेषण ‘हजाका’ येतं, ‘हाजाक’ नव्हे. निर्गम १४:३१ मध्ये ‘हय्याद हग्गदोला’, विशेषणही स्त्रीलिंगी आणि ‘ह-’ दोघांनाही. १ राजे १३:४ मध्ये यराबामाचा हात वाळला तेव्हा क्रियापद ‘वत्तीवश’ आहे, सुरुवातीचा ‘त’ स्त्रीलिंगाचा. हे लक्षात नसलं तर ‘त’ बघून ‘ती वाळली’ किंवा ‘तू वाळवलंस’ असले अर्थ डोक्यात येतात आणि कर्ता हरवतो.

संस्कृतवाल्यांनी मात्र इथे सावध राहावं. संस्कृतात ‘हस्तौ’ म्हटलं की विशेषण आणि क्रियापदही द्विवचनात जातं. हिब्रूत द्विवचन फक्त नामाला. त्याचं विशेषण आणि क्रियापद अनेकवचनी, स्त्रीलिंगी. यशया ३५:३ मध्ये ‘यादयिम राफोत’, गळालेले हात. उत्पत्ती २७:२३ मध्ये याकोबाचे हात ‘सइरोत’, केसाळ. त्या एका ओळीत आतापर्यंतचं जवळपास सगळं आलं आहे: ‘की हायू यादाव कीदे एसाव आहीव सइरोत’, कारण त्याचे हात त्याचा भाऊ एसाव याच्या हातांसारखे केसाळ होते. ‘यादाव’मध्ये जादा योद, ‘कीदे’मध्ये विरघळलेला योद, आणि ‘सइरोत’ चार शब्द पलीकडे असूनही हातांशी जुळणारं.

जखऱ्या ४:९ मध्ये क्रियापदाचा खेळ दिसतो. जरुब्बाबेलच्या हातांनी मंदिराचा पाया घातला, तेच हात ते पुरं करतील. पहिलं क्रियापद ‘यिस्सदू’ भूतकाळी, त्याच्या अनेकवचनात लिंगभेद नसतो. दुसरं ‘तवत्सअना’ भविष्यकाळी, ते स्पष्ट स्त्रीलिंगी अनेकवचनी. म्हणून लिंग शोधायचं असेल तर भूतकाळी अनेकवचनात शोधू नका, तिथे ते नसतंच.

नियमाला अपवाद हवाच असेल तर मघाचंच निर्गम १७:१२. मोशेचे हात जड झाले, आणि विशेषण ‘कवेदीम’ आहे, पुल्लिंगी. एवढ्यावरून ‘याद’ उभयलिंगी आहे असं टिपून ठेवू नका. असं तुरळक घडतं. बाकीची उदाहरणं स्त्रीलिंगाच्या बाजूने आहेत.

पायरी ५: शेजारी बघा, मग अर्थ लावा

आता मराठी तुमच्या मदतीला येते. ‘हाती’, ‘हातून’, ‘हस्ते’, ‘उजव्या हाताला’, हे सगळं आपण अवयवाचा विचारही न करता बोलतो. हिब्रूचंही तसंच.

‘बयद’ म्हणजे कधी हातात, कधी ताब्यात, कधी द्वारे. पुढे मोशे किंवा संदेष्टा असेल आणि आज्ञा, वचन, नेमणूक यांची गोष्ट चालू असेल, तर ‘द्वारे’ किंवा ‘हस्ते’. देणं, सोपवणं, पडणं ही क्रियापदं असतील तर ‘ताब्यात’. नीतिसूत्रे १८:२१ मध्ये मरण आणि जीवन जिभेच्या ‘याद’मध्ये आहे. जिभेला हात नसतो. जिभेच्या सत्तेत, हा अर्थ. ‘मिय्यद’चंही तेच. दावीद १ शमुवेल १७:३७ मध्ये सांगतो की देवाने मला सिंहाच्या आणि अस्वलाच्या ‘हातून’ सोडवलं. इथे ‘पंजा’ लिहिणं चित्र म्हणून ठीक, पण मग तलवारीच्या ‘मीदे’चं काय करणार? ‘तावडीतून’ हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि चांगला बसतो.

‘अल यद’ म्हणजे बाजूला, कडेने. निर्गम २:५ मध्ये फारोच्या मुलीच्या दासी नदीच्या ‘याद’वर, म्हणजे काठाकाठाने चालत आहेत. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमची तटबंदी बांधणाऱ्यांची नावं येतात आणि पुष्कळ नावांआधी ‘वअल यादो’, त्याच्या शेजारी. एकाने दुसऱ्याच्या हातावर काही ठेवलेलं नाही. ‘रुंद हातांचा’ म्हणजे दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेला. स्तोत्र १०४:२५ मध्ये हे समुद्राबद्दल म्हटलं आहे.

क्रियापदांच्या जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात, तर्काने सुटत नाहीत. हात भरणं (क्रियापद ‘मिल्ले’) म्हणजे याजकपदावर नेमणं, निर्गम २८:४१; लाच देणं नव्हे, मराठी कानाला आधी तेच वाटतं. हात उचलणं म्हणजे कित्येकदा शपथ वाहणं. निर्गम ६:८ मध्ये देव स्वतःच असा हात उचलतो. आपल्याकडे हात उचलणं म्हणजे मारणं, त्यामुळे शब्दशः भाषांतर भलतीकडे नेतं. मारण्याच्या अर्थाला हिब्रूत हात पाठवणं (‘शालह’) आणि पुढे ‘ब-’ अशी जोडी आहे. उत्पत्ती ३७:२२ मध्ये रऊबेन भावांना तेच करू नका म्हणतो. हात पोहोचणं म्हणजे ऐपत असणं: लेवीय ५:११ मध्ये दोन पारव्यांपर्यंतही ज्याचा हात पोहोचत नाही त्याने पीठ आणावं असं सांगितलं आहे. हात देणं म्हणजे वचन देणं, कधी अधीन होणं. १ इतिहास २९:२४ मध्ये सरदारांनी शलमोनाच्या ‘खाली हात दिला’. हात गळणं म्हणजे धीर सुटणं आणि हात बळकट करणं म्हणजे धीर देणं, हे दोन्ही मराठीला परके वाटत नाहीत.

शिवाय ‘याद’ म्हणजे स्मारकस्तंभही. अबशालोमने मुलगा नसल्यामुळे स्वतःच्या नावाने खांब उभारला, तो ‘याद अबशालोम’ (२ शमुवेल १८:१८). यशया ५६:५ मध्ये ‘याद वाशेम’, स्मारक आणि नाव, असं येतं. यरुशलेममध्ये १९५३ साली स्थापन झालेल्या होलोकॉस्ट स्मारकाचं नाव तिथूनच घेतलं आहे. आणि अनुवाद २३ मध्ये छावणीबाहेर एक ‘याद’ राखून ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे शौचाची जागा. ही ओळ हिब्रू पाठात १३ वी आणि मराठी बायबलमध्ये १२ वी आहे. असा एखाद्या आकड्याचा फरक ठिकठिकाणी आढळतो. संदर्भ जुळला नाही तर आधी मागची-पुढची ओळ बघा, मगच पाठाला दोष द्या.

पायरी ६: ‘यादोत’ दिसलं तर थांबा

शेवटी ‘-ओत’ असलेलं अनेकवचन माणसाच्या हातांसाठी नसतं. ते वस्तूंच्या ‘हातां’साठी आणि वाट्यांसाठी असतं. निवासमंडपाच्या प्रत्येक फळीला खाली खोबणीत बसणारी दोन कुसं होती, ती ‘यादोत’ (निर्गम २६:१७). शलमोनाच्या सिंहासनाचे दोन बाजूंचे हात ‘यादोत’ (१ राजे १०:१९), मराठीतही खुर्चीला हातच असतात. पितळी गाड्यांच्या चाकांचे कणे ‘यदोत’ (१ राजे ७:३२), हे संबंधरूप.

‘यादोत’च्या आधी आकडा असेल तर अर्थ भाग किंवा पट. बन्यामीनला भावांच्या पाचपट वाढलं (उत्पत्ती ४३:३४). मिसरच्या पिकाचे चार भाग लोकांना आणि पाचवा फारोला (उत्पत्ती ४७:२४). दानीएल आणि त्याचे सोबती जादूगारांपेक्षा दहापट सरस (दानीएल १:२०). इथे ‘हात’ लिहिलात तर वाक्यच मोडतं, त्यामुळे ही चूक निदान लगेच पकडली जाते.

‘याद’ की ‘काफ’?

‘काफ’ म्हणजे तळहात, पंजाचा खोलगट भाग. तळपायालाही तोच शब्द, आणि ‘कप्पोत’ या अनेकवचनाचा अर्थ पळ्या किंवा खजुरीच्या झावळ्या. ‘याद’चा आवाका मनगटाच्याही वर जातो. उत्पत्ती २४:२२ मध्ये रिबकेच्या ‘यादेहा’वर, तिच्या हातांवर, बांगड्या चढवतात, तळहातावर बांगडी बसत नाही. पूर्ण बाहूसाठी ‘जरोआ’ आहे आणि सत्तेच्या वर्णनात ‘बलवान याद आणि पसरलेला जरोआ’ अशी जोडी वारंवार येते. उजवा हात नुसत्या ‘यामीन’नेही दाखवतात, ‘याद’ लिहिलेला नसला तरी.

कोशात बघताना एक गोष्ट. बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या क्रमवारीत हिब्रू ‘याद’ला ३०२७ आणि ‘काफ’ला ३७०९ हे क्रमांक आहेत. ३०२८ दिसला तर तो अरामी या हिब्रूच्या जवळच्या भाषेतला हात. दानीएल ५:५ मध्ये राजवाड्याच्या भिंतीवर लिहिणारा हात त्या क्रमांकाचा, कारण दानीएलचा तो भाग अरामीत आहे. हिब्रूची रूपं तिथे लावू नका.

सरावासाठी: १ शमुवेल २३

सुट्या ओळींपेक्षा एक अध्याय सलग वाचलेला बरा, आणि या शब्दासाठी याच्याइतका सोयीचा अध्याय क्वचितच मिळेल. शौल दावीदाच्या मागावर आहे, आणि कोण कोणाच्या हातात सापडतो हीच सगळी कथा. वहीत चार रकाने आखा: ओळ, रूप, हात कोणाचा, अर्थ.

ओळ ४: ‘बयादेखा’. वाक्याच्या शेवटी आहे, मधला योद नाही, म्हणून विरामातलं एकवचन. देव पलिष्ट्यांना दावीदाच्या ताब्यात देणार आहे.

ओळ ६: ‘याराद बयादो’. रेश आणि दालेत शेजारी शेजारी. पहिला शब्द क्रियापद, दुसरा हात. अब्याथार याजक आला तेव्हा एफोद (याजकाचं वस्त्र) त्याच्या हातात होतं. अध्यायातला हा एकच हात खराखुरा, बाकी बहुतेक सत्तेचे. नेमका हाच ‘ताब्यात’ म्हणून लिहिला जातो, कारण तोपर्यंत लेखणीला सवय झालेली असते.

ओळ ७, ११, १२, १४: ‘बयादी’, ‘बयादो’, ‘बयद शाऊल’, पुन्हा ‘बयादो’. तिसऱ्यात पताह आणि मक्केफ आहे, पुढे मालकाचं नाव. उरलेल्या तिघांत मालक सर्वनाम आहे. ओळ ११ मधला ‘त्याचा’ म्हणजे शौलाचा. दावीद देवाला विचारतो आहे की कईला नगराचे लोक मला त्याच्या हाती देतील का. ओळ १४ मधला ‘त्याचा’सुद्धा शौलाचाच.

ओळ १६: योनाथान रानात येऊन देवाच्या ठायी ‘त्याचा हात’ बळकट करतो. क्रियापद ‘वयहज्जेक’ पुल्लिंगी आहे कारण कर्ता योनाथान. हात इथे कर्म, त्याच्याआधीचा ‘एत’ ते दाखवतो. हात दावीदाचा, अर्थ धीर दिला.

ओळ १७: ‘लो तिमत्साअखा यद शाऊल आवी’, माझा बाप शौल याचा हात तुला गाठणार नाही. क्रियापदाच्या सुरुवातीला ‘त’. तो ‘तू’चा नव्हे, स्त्रीलिंगी कर्त्याचा, म्हणजे हाताचा. शेवटचा ‘खा’ म्हणजे ‘तुला’.

ओळ २०: ‘बयद हम्मेलेख’, राजाच्या हाती. बोलणारे जीफचे लोक आहेत आणि दावीदाला धरून द्यायला तयार आहेत. रकान्यात ‘हात कोणाचा’ इथे शौलाचं नाव लिहा, जीफवाल्यांचं नाही.